बूम डोक्यात बसतोय, गूजनेक वर घेऊ का?

प्रश्न: नमस्कार दादा, मुंबईहून सेकंडहँड १३ फुटी फायबरची शिडाची बोट आणलीय, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला चालवतो, परवानगी, लाइफजॅकेट सगळं आहे. त्रास एकच, टॅक मारताना, म्हणजे बोटीचं तोंड वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवताना, कितीही वाकलं तरी बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, डोक्यात बसतो. सातपूरचा वेल्डर म्हणतो मास्टवरचा (डोलकाठीवरचा) गूजनेक, म्हणजे बूम जोडायचा सांधा, २० सेंटिमीटर वर घेऊन देतो, तासाभराचं काम. मेनसेल (मुख्य शीड) पण जुनाट झालंय, ७ चौरस मीटरचं, फूट म्हणजे खालची कड २.४ मीटर. नवीन तेवढंच शिवून घेऊ का लहान?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: वेल्डरला आधी थांबवा. ॲल्युमिनियमच्या मास्टला वेल्डिंगची आच लागली की नेमका तिथेच पाइप मऊ पडतो, गूजनेक रिव्हेटवर बसवतात ते उगाच नाही.

आणि मुळात तुमच्या डोक्यात बसतं ते बूमचं मागचं टोक, पुढचं नाही, मग पुढून वर घेऊन काय करताय? शीड मास्टच्या टोकापर्यंत जात असेल तर गूजनेक वर गेल्यावर ते खालून कापावंच लागणार, म्हणजे २० सेंटिमीटरची अख्खी पट्टी, जवळजवळ अर्धा चौरस मीटर कापड गेलं. वर जागा असेल तर शीडच वर सरकतं, वाऱ्याचा जोरही वर सरकतो आणि बोट जास्त कलते, तेही नकोच.

आधी फुकटातला उपाय. शीड पूर्ण चढवा, हॅलियार्ड (शीड वर चढवायची दोरी) कचकचून ओढा, व्हँग (बूम खाली धरून ठेवणारी दोरी) आणि मेनशीट (बूम आत-बाहेर करायची दोरी) लावा आणि मग तुम्ही बसता त्या जागेवर टेप धरा. शीड बांधून ठेवलेलं असताना मोजलं तर त्या मापाला काही अर्थ नाही. हॅलियार्डची दोरी ताणत असेल तर शीड वरून खाली येतं आणि बूमचं मागचं टोक लोंबतं, जुन्या डॅक्रॉनच्या (शिडाच्या पॉलिस्टर कापडाच्या) शिडाची मागची कड, म्हणजे लीच, ताणली गेली तरी तेच. दोरी बदलून पाचेक सेंटिमीटर मिळाले तर अर्धं काम तिथेच झालं.

तरी कमी पडलं तर शीड शिवणाऱ्याला सांगा, क्लू (शिडाचा खालचा मागचा कोपरा) २० सेंटिमीटर वर घे, टॅक (इथे खालचा पुढचा कोपरा) आहे तिथेच राहू दे. तिरका तुकडा जातो, त्यामुळे पाव चौरस मीटरच्या आसपास कापड जातं, बूम मागे वर चढतो, सुकाणूवरचा ताणही जरा कमी होतो. फूट बूमला अख्खं बांधू नका, फक्त क्लू बांधला तरी भागतं. कोकणातल्या मचव्याच्या शिडाला तर खाली बूमच नसतो, वरच्या परवानवर (शीड बांधायच्या तिरक्या काठीवर) सगळा खेळ.

आता लहान का मोठं. मी तर लहानच म्हणेन, साडेपाच-सहा चौरस मीटरचं आणि त्यात रीफची एक ओळ, म्हणजे वारा वाढला की शीड बांधून लहान करता येतं. ७ चौरस मीटर, मोठा रोच (मागच्या कडेचा बाहेर आलेला फुगवटा), लांब बॅटन (शिडात घालायच्या पट्ट्या) हे सगळं एकसारख्या वाऱ्यात मस्त, पण डोंगराच्या बाजूने झोत येतात तिथे एकट्याने ते आवरताना दम निघतो. लहान शीड म्हणजे कमीपणा वगैरे काही नाही, आयएलसीए, म्हणजे आधी लेझर म्हणायचे त्या एकट्याने चालवायच्या शर्यतीच्या बोटीच्या एकाच हलवर (बोटीच्या धडावर) ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर अशी तीन शिडं चालतात, खालचा मास्ट बदलायचा की झालं.

जाइब मारताना, म्हणजे मागून वारा घेत बोट वळवताना, मात्र बूम कितीही वर असला तरी मेनशीट आधी आत ओढून घ्या आणि पुढे बसलेल्याला ओरडून सांगा, टॅक मारण्यापेक्षा तिथे बूम जास्त जोरात येतो.