टॉवेल, टुवाल आणि तुव्वालु

प्रश्न : आमच्या सोलापुरात चादरीच्या जोडीने टॉवेलचाही धंदा मोठा आहे. माझे वडील मात्र जन्मभर ‘टुवाल’ म्हणत आले आणि शेजारचे तेलुगूभाषक विणकर घरात ‘तुव्वालु’ म्हणतात. ही ‘टॉवेल’ची बिघडलेली रूपे समजावीत काय? आणि मुळात इंग्रजीत हा शब्द आला कोठून? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेऊ. इंग्रजीत हा शब्द १३व्या शतकात जुन्या फ्रेंचमधून आला. तेथे त्याचे रूप ‘तोआल्य’ असे होते आणि अर्थ अंग पुसण्याचे कापड. फ्रेंचला तो दिला फ्रँक लोकांनी. रोमन सत्ता ढासळल्यावर गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भूमीत, राज्य स्थापणाऱ्या या जर्मानिक टोळ्यांच्या बोलीत त्याचा उच्चार ‘थ्वाह्ल्या’ असा असावा. ‘असावा’ म्हणण्याचे कारण असे, की हे रूप कोठेही लिहिलेले सापडत नाही. भगिनीभाषांतील शब्द ताडून अभ्यासकांनी ते बसवले आहे, म्हणून व्युत्पत्तिकोशांत त्याच्या आधी तारका छापतात. मूळ धातूचा अर्थ ‘धुणे’. गंमत म्हणजे हाच धातू प्राचीन इंग्रजीत ‘थ्वेअन’ या रूपाने नांदत होता. पुढे तो लोपला आणि त्याच्याच कुळातला शब्द फ्रान्सला वळसा घालून इंग्रजीच्या घरी आला. स्वीडिश भाषेत याच कुळातील ‘त्वोल’ आजही साबणाला म्हणतात, तर इटालियन ‘तोव्हाल्या’ न्हाणीघर सोडून टेबलावर अंथरली जाते.

आता टुवाल. त्याच फ्रँक मुळातून निघालेला पोर्तुगीज शब्द ‘तुआल्या’ आहे आणि हिंदीतला ‘तौलिया’ त्याचाच. पोर्तुगीज शब्दातला त मराठीत त राहतो (तंबाखू) व इंग्रजी शब्दातला ट होतो, असा ढोबळ नियम सांगतात. पण आपला बटाटा पोर्तुगीजच आहे, तेव्हा केवळ पहिल्या अक्षरावरून निकाल देता येत नाही. ‘उवा’ हा स्वर मात्र पोर्तुगीज उच्चाराला जवळचा आहे. माझ्या मते वडिलांच्या ‘टुवाल’मध्ये दोन्ही वाटा मिसळल्या आहेत आणि त्याला अपभ्रंश म्हणणे अन्यायाचे होईल. तेलुगू ‘तुव्वालु’त तर त आणि उवा दोन्ही शाबूत आहेत, तो इंग्रजीतून आला असे मानण्याची गरजच पडत नाही.