बसऱ्याहून परत आलेल्या पणज्याचा माग कसा काढायचा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचे पणजोबा बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या गावातून पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला ‘बसऱ्याला’, म्हणजे आताच्या इराकमधल्या बसरा बंदराकडे गेले, काही वर्षांनी परत आले, चार एकर रान घेतलं आणि गावातच वारले. तुम्ही मॉरिशसच्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या याद्या, जहाजांच्या याद्या, युद्धात मेलेल्यांच्या याद्या असं सगळं चाळलंत, पण नाव कुठेच नाही. घरच्या पेटीत एक जुनं पाकीट आहे आणि ‘वर आडवी दांडी असलेलं तांब्याचं मोठं नाणं’ आहे.

आधी त्या नाण्याबद्दल. नाण्याला दांडी नसते. एका बाजूला राजा पंचम जॉर्जचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष आणि 1914, 1918 हे आकडे दिसत असतील तर ते ब्रिटिश वॉर मेडल आहे. फौजेतल्या शिपायांना ते चांदीचं मिळायचं. तांबूस, म्हणजे काशाचं, मिळालं ते लेबर कोअर आणि तसल्या तुकड्यांतल्या मजुरांना. चांदीची पदकं घरोघरी आटवून पाटल्या-तोडे झाले. काशाला सोनार विचारत नाही, म्हणून ती उरली. तेव्हा तुमचे पणजोबा बंदूकवाले शिपाई नव्हते, मजूर म्हणून गेले होते, असं मी जवळजवळ खात्रीने म्हणेन.

आता पदक हातात घ्या आणि त्याची कड बघा. चेहरा नको, कड. नंबर, हुद्दा, नाव आणि तुकडी हे सगळं तिथे बारीक इंग्रजी अक्षरात ठोकलेलं असतं. आमच्या घरचं पदक देव्हाऱ्यात होतं. आज्जी रोज त्याला कुंकू लावायची. चाळीस-पन्नास वर्षांचं कुंकू आणि तेल त्या कडेत असं बसलं होतं की अक्षरं आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मी कोमट पाणी, साधा साबण आणि लहान मुलाचा दात घासायचा ब्रश घेतला. आधी एक ‘एल’ दिसला, मग नंबर, मग पणज्याचं नाव. ‘यल्लाप्पा’चं स्पेलिंग इतकं वेगळं होतं की त्या स्पेलिंगने मी जन्मात शोधलं नसतं. चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काही लावू नका, अक्षरं झिजतात.

पाकिटावरचं तिकीटही नीट बघा. हिंदुस्थानच्याच तिकिटावर राजाच्या चित्रासोबत ‘आय. ई. एफ.’ असं काळ्या शाईत छापलेलं असेल, तर ते इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्सचं, म्हणजे पत्र लष्करी टपालातून आलेलं. नुसतं साधं तिकीट असेल तर वेगळा विचार करावा लागेल. घरच्या गोष्टीत ‘बसरा’ म्हणजे बसरा शहरच असं नाही. माणसं जहाजातून जिथे उतरली तेच नाव गावात आलं. इराणमधल्या आबादानचा तेल कारखाना तिथून जवळच आहे. तो 1912 मध्ये सुरू झाला आणि तिथे हिंदुस्थानी कामगार खूप होते. तसं निघालं तर त्या तेल कंपनीचे जुने कागद इंग्लंडमध्ये वॉरिक विद्यापीठात आहेत. पण पदक असताना मी आधी तिकडे जाणार नाही.

तुम्हाला नाव का मिळत नाही, ते सांगतो. मेला त्याची नोंद मेलेल्यांच्या यादीत झाली. बसऱ्याचं स्मारक अशा 40,000 हून जास्त जणांचं आहे, जरी साध्या हिंदुस्थानी शिपायांची नावं तिथे दगडावर कोरलेली नाहीत. तिकडेच स्थायिक झाला त्याचं नाव तिथल्या दप्तरात, म्हणून मॉरिशसवाल्यांना पाच पिढ्यांमागचा आज्जा फोटोसकट सापडतो. जो गेला, कष्ट केले आणि धडधाकट घरी आला, त्याची नोंद ठेवायची गरज सरकारला वाटली नाही. काही गावांत संगमरवराची पाटी असते, ‘या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांतले इतके मेले’. तिच्यावर आकडा असतो, नावं नसतात. परत आलेल्या माणसाचा माग त्याच्या गावातच असतो. मला हे कळायला सहा वर्षं गेली. परदेशातल्या याद्या चाळण्यात ती गेली, आणि त्या काळात घरातली दोन म्हातारी माणसं गेली, ज्यांना विचारता आलं असतं.

तुमचा चार एकरांचा उतारा आहेच. आताचा कन्नड उतारा नको. तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधून त्या सर्व्हे नंबरचे 1910 ते 1925 चे कागद मागा, म्हणजे हक्काचं पत्रक, फेरफारांची डायरी, पीकपाणी. खरेदी किंवा गहाण सोडवल्याची नोंद कुठल्या साली आहे ते बघा. आमच्याकडे 1917 च्या पीकपाण्यात कसणाऱ्याच्या रकान्यात अचानक धाकट्या भावाचं नाव येतं आणि 1921 ला पुन्हा पणज्याचं. त्याच वर्षी सावकाराकडचं गहाण रोख भरून सुटलं. जाण्या-येण्याच्या तारखा मला अशा मिळाल्या. हे कागद मोडी लिपीत असतील, पूर्वेकडच्या तालुक्यांत कन्नडमध्येही. ‘मोडी आहे, वाचता येत नाही, म्हणून नाही’ असं एका कचेरीत मला तोंडावर सांगितलं होतं. तुम्हाला वाचायचं नाही, नक्कल हवी आहे, एवढंच म्हणा आणि अर्ज लेखी द्या.

नाव शोधताना आडनाव विसरा. त्या काळच्या कागदात माणूस, त्याचा बाप आणि जात एवढंच असतं. पाटील नाही, गावकर नाही.

मग शाळा. पणज्यांच्या सगळ्या मुलांच्या जन्मतारखा गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातून उतरवून घ्या. एकामागून एक दीड-दोन वर्षांनी झालेली मुलं आणि मध्येच पाच-सहा वर्षांची फट दिसली, तर तुमचा पणजा त्या फटीत समुद्रापार होता. अर्थात 1918 च्या इन्फ्लुएंझात गेलेली लेकरं शाळेपर्यंत पोचलीच नाहीत. तेवढ्यासाठी जन्म-मृत्यूची नोंद ताडून बघा.

हेळवी विसरू नका! तुमच्या घराण्याचा हेळवी आहे का ते मोठ्या चुलत्यांना विचारा. सुगी झाल्यावर बैल घेऊन यायचे आणि दारात उभं राहून सात पिढ्या म्हणायचे, ते. आता मोटारसायकलवर येतात, पण वह्या आहेत. आमचा हेळवी गोकाककडचा. त्याने पणज्याचं नाव घेतलं आणि ‘ह्यो पाण्यापलीकडनं आला, पंढरीला जाऊन जेवाण घातलं’ असं म्हणाला. मी तिथेच थांबलो. समुद्र ओलांडून आलेल्याला जातीत परत घ्यायला तीर्थ आणि जेवणावळ लागायची, हे ऐकून माहीत होतं, आपल्याच घराबद्दल असेल असं कधी वाटलं नव्हतं. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या पिढीजात पुरोहितांच्या वहीत मग तो सापडला. तारीख, भावांची नावं, बापाचं, आज्जाचं नाव आणि शेवटी अंगठा. मी त्या अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवून बराच वेळ बसलो होतो. तुमच्याकडचे कोणत्या क्षेत्राला जायचे ते विचारा, नरसोबाची वाडी असेल, गोकर्ण असेल.

सरकारी दप्तरासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो. त्या काळची वरिष्ठ पातळीवरची कागदपत्रं बंगळूरला नाही, मुंबईला शोधायची, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात. चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यातच होतं. तुमच्या पणजीचं माहेर तिकडचं म्हणता, तर तिचे जुने कागदही बेळगावच्या नावाखालीच बघा. इतर कुणी वाचत असेल तर, परसगड म्हणजे सौंदत्ती, संपगाव म्हणजे बैलहोंगल. शहापूर सांगली संस्थानात होतं आणि रायबाग कोल्हापूरकडे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ फुकट बघता येतं. पण तिथे माणसाचं नाव टाकू नका, पदकाच्या कडेवरचं तुकडीचं नाव टाका. ती तुकडी कधी कुठे होती हे कळलं की तुमचा पणजा कुठे होता ते कळतं.

आज रात्रीच पदकाची कड धुवा आणि चारी बाजूंनी उजेडात फोटो काढून इथे टाका. पाकिटाचा मागचा भागही टाका, पत्र पोचल्याचा टपालाचा शिक्का बहुतेक तिकडेच असतो. आत मोडी पत्र असेल तर घडी जबरदस्तीने उलगडू नका, दिसतंय तेवढ्याचा फोटो द्या. मोडी मी वाचून देतो.