निळं म्हणून आणलं, जांभळं निघालं

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते की बागेत मला सगळ्यात जास्त दमवणारा रंग कुठला असेल तर तो निळा, आणि झालं, तुमच्या पत्रांचा ढीग आला. म्हणून यावेळी अख्खं सदर निळ्यालाच दिलंय. पत्रं लांब होती, कापून थोडक्यात देतेय, राग मानू नका.

ताई, पाटीवर ‘ब्लू’ वाचून तीन रोपं आणली, ॲजेरेटम, ॲस्टर आणि साल्व्हिया. फोटोत तिन्ही निळीशार होती, घरी फुलल्यावर तिन्ही जांभळी. मला फसवलं का?

अगदी फसवलं असं नाही म्हणणार, पण पाटीवरचा ‘ब्लू’ हा शब्द फार सैल असतो हो. लव्हेंडर, जांभळट, राखाडीकडे झुकणारं, सगळं त्याच पाटीखाली खपतं. कारण साधं आहे, खरा निळा मुळातच दुर्मिळ, फुलझाडांच्या सगळ्या जाती धरल्या तर निळी फुलं येणाऱ्या जाती दहा टक्क्यांहून कमीच. आणि झाडाकडे निळा रंग असा वेगळ्या डब्यात भरून ठेवलेला नसतो. बहुतेक निळ्या फुलांत असतं ते अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य, म्हणजे लाल-जांभळ्या फुलांत असतं तेच घराणं. ते निळं दिसणार की नाही हे पेशीतला रस किती आम्ल आहे, सोबत कुठला धातू आहे, शेजारी आणखी कुठली रंगहीन द्रव्यं आहेत यावर ठरतं. विलश्टेटर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१३ मध्येच दाखवलं होतं की लाल गुलाब आणि निळा कॉर्नफ्लॉवर यांच्यात मूळ रंगद्रव्य एकच आहे. मग एक लाल आणि दुसरा निळा कसा, यावर पुढे नव्वदेक वर्षं डोकेफोड चालली आणि २००५ मध्ये जपानी संशोधकांनी कॉर्नफ्लॉवरच्या त्या रेणूची पूर्ण रचना उलगडली तेव्हा त्यात लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम बसलेलं सापडलं. इतकं सगळं जमून यावं लागतं, एखादी गोष्ट कमी पडली की जांभळट.

फोटोचं म्हणाल तर तुमचं ॲजेरेटम त्यासाठी बदनामच आहे. जुन्या फिल्मवर डोळ्याला निळसर दिसणारं ते फूल गुलाबीसर यायचं, कारण त्याच्या पाकळ्या लालच्या पलीकडचा, आपल्या डोळ्याला जेमतेम जाणवणारा प्रकाश पण परत फेकतात आणि फिल्म तो पकडायची. त्याला ॲजेरेटम इफेक्ट असंच नाव पडलं होतं. आता उलटा प्रकार, फोटो टाकणारा स्वतःच बोटाने सरकवून सरकवून जांभळ्याचा निळा करतो.

त्यामुळे माझा नियम असा की फुललेलं रोप डोळ्याने बघितल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि ते पण नर्सरीच्या हिरव्या शेडनेटखाली नाही, बाहेर उजेडात आणून. पर्समध्ये एक कोरा कागद असतो माझ्या, त्यावर निळ्या बॉलपेनची जाड रेघ मारायची आणि फूल रेघेला लावून धरायचं. एकटं बघितलेलं फूल निळं वाटतं, रेघेशेजारी धरलं की लगेच कळतं त्यात लाल किती मिसळलाय ते. नर्सरीवाले हसतात, हसू देत. माझ्या अनुभवात बऱ्यापैकी शब्दाला जागणारे म्हणजे इव्होल्व्हुलस, कॉर्नफ्लॉवर, बोरेज, गडद निळा गोकर्ण, मॉर्निंग ग्लोरीतली ‘हेवनली ब्लू’, आणि आकाशी चालत असेल तर प्लंबॅगो. साल्व्हियाच हवा असेल तर ‘पेटन्स’ जातीचा शोधा, तो खरंच निळा असतो.

निळा हायड्रेंजिया आणला, दुसऱ्या वर्षी गुलाबी फुलला. गंजके खिळे पुरले, लिंबू पिळलं, व्हिनेगर घातलं, चहाचा चोथा घातला. गुलाबी तो गुलाबीच. काय चुकतंय?

चहाचा चोथा, लिंबू, खिळे, बिचारं झाड! आधी खिळे काढा. त्याला लोखंड नकोय, ॲल्युमिनियम हवंय. हायड्रेंजियाचं रंगद्रव्य ॲल्युमिनियमशी जोडलं गेलं की निळं, नाही मिळालं की गुलाबी. मातीत ॲल्युमिनियम बहुधा असतंच पण ते मुळांना घेता येईल असं विरघळतं ते आम्ल मातीतच. ढोबळ हिशोब, पीएच (म्हणजे आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) साधारण साडेपाचच्या खाली असेल तर निळा, साडेसहाच्या वर गेला तर गुलाबी, मधे असेल तर खिचडी, एकाच झाडावर दोन्ही रंग. म्हणजे आधी मातीचा पीएच बघा, पट्ट्या मिळतात, अंदाजपंचे काही ओतू नका. लिंबू-व्हिनेगरचा परिणाम टिकत नाही, दोनचार पाण्यात माती परत मूळ पदावर.

तुमचं झाड दुसऱ्या वर्षी का बदललं याचं उत्तर बहुतेक तुमच्या पाण्यात आहे. नर्सरीत त्याला आम्ल मिश्रण आणि ॲल्युमिनियमचा डोस दोन्ही मिळालेलं असतं, तुमच्याकडे आल्यावर रोज जड पाणी, ज्याने बादलीला पांढरा थर धरतो ते, आणि त्यातल्या चुन्याने मातीचा पीएच हळूहळू वर सरकतो. सिमेंटच्या भिंतीला लागून लावलं असेल तरी तेच होतं. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. हाडांचं खत बंद करा, त्यातलं फॉस्फरस ॲल्युमिनियमला बांधून टाकतं आणि मुळांपर्यंत पोचू देत नाही. मग ॲल्युमिनियम सल्फेट, चार लिटर पाण्यात एक टेबलस्पून, आधी साधं पाणी देऊन माती ओली करायची आणि मग हे, महिन्यातून एकदा, नवी वाढ सुरू झाल्यापासून. तुरटीत पण ॲल्युमिनियम असतं म्हणून काही जण ती वापरतात, चालते, पण सल्फेटएवढी जोरदार नाही.

आणि आता माझी लाज. पहिल्या वर्षी मला इतकी घाई झाली होती की मी दर आठवड्याला सल्फेट देत गेले, वर मूठभर कोरडंच मातीवर पसरलं. पंधरा दिवसांत पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत, हाताने चुरडल्या की पापडासारख्या मोडायच्या, आणि मग मुळंच जळाली. झाड गेलं. निळं नाही, गुलाबी नाही, काहीच नाही. तर घाई नको. उमललेले गुच्छ आता निळे होणार नाहीत, पुढच्या बहराकडे बघायचं. जमिनीपेक्षा कुंडीत हे सगळं सोपं जातं. पांढऱ्या जातीवर मात्र हा खटाटोप करू नका, ती निळी होत नाही. आणि छाटणी फुलं संपल्या संपल्या उरकून घ्या, बऱ्याच जाती जुन्या फांदीवर कळी धरतात, उशिरा कात्री लावली तर पुढचा बहरच कापला जातो आणि मग निळा का गुलाबी हा प्रश्नच उरत नाही.

गोकर्णाचा वेल दहा फूट गेलाय, हिरवागार, पण फूल एक नाही. दर पंधरा दिवसांनी शेणखत घालते.

तिथेच चुकतंय ना! गोकर्ण शेंगवर्गीय आहे, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून देतात, त्याला वरून इतकं नायट्रोजनचं खत लागतच नाही. खाऊन खाऊन तो पानं काढतो, फुलायची गरजच काय त्याला. खत बंद, निदान पाच-सहा तास थेट ऊन, आणि शेंडे खुडा म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतील. फुलायला लागल्यावर शेंगा लगेच काढत चला, शेंगा धरल्या की वेलाला वाटतं आपलं काम झालं. बियांसाठी चारपाच शेवटी ठेवा. त्यांचं कवच कडक असतं, सँडपेपरवर एकदा घासून रात्रभर पाण्यात ठेवल्या की सकाळी फुगलेल्या दिसतात, ज्या फुगल्या नाहीत त्या परत घासायच्या.

घरात लहान मुलं असतील तर दोन फुलं पाण्यात चुरगळा, निळं पाणी होईल, त्यात लिंबाचे थेंब टाका, जांभळं होईल. वर म्हटलं ते आम्लाचं प्रकरण डोळ्यासमोर.

ऑनलाइन निळ्या गुलाबाच्या बिया घ्याव्यात का? आणि दुकानातल्या निळ्या ऑर्किडचं काय?

नाही. मी घेतल्या होत्या एकदा, कुणाकडून ते सोडा, उगवलं ते गवतासारखं काहीतरी. बऱ्याच निळ्या फुलांत असतं ते डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्यच गुलाबाकडे नसतं. जपानमधल्या सनटोरी कंपनीने दुसऱ्या फुलाचं जनुक घालून ते करून दाखवलं, २००४ मध्ये जाहीर केलं, २००९ मध्ये ‘अप्लॉज’ नावाने विकायला आणलं, आणि इतक्या वर्षांच्या मेहनतीनंतरही त्याचा रंग फिकट जांभळाच. ते तसलं पाकिटात बियांच्या रूपात कोण विकणार? शेवंतीचं त्या मानाने जास्त जमलं, २०१७ मध्ये खरंच निळी शेवंती झाली, त्यात एक जनुक कँटरबरी बेल्सचं आणि दुसरं कुणाचं माहितीये का, आपल्या गोकर्णाचं! मला हे वाचून उगाचच अभिमान वाटला होता.

दुकानातला गडद निळा ऑर्किड म्हणजे पांढऱ्या फुलाच्या दांड्यात भरलेली शाई. झाड खरं असतं, पुढचा दांडा पांढरा येईल. पांढरा आवडत असेल तर खुशाल घ्या.

बाल्कनीत सकाळचं जेमतेम दोन-तीन तास ऊन. इव्होल्व्हुलस लावला, कधी उघडलेलाच दिसत नाही.

तो उन्हाचा भुकेला आहे, सकाळी ऊन तापलं की उघडतो, दुपारनंतर मिटतो, ढगाळ दिवशी तर रुसूनच बसतो. तुम्ही ऑफिसला गेल्यावर उघडून तुम्ही यायच्या आत मिटत असेल ती पण शक्यता आहे. तुमच्या जागेत एरँथेमम लावा, सावली सोसतो आणि रंग पक्का निळा. टोरेनिया पण फुलेल पण तो जांभळ्याकडे जातो, आधीच सांगून ठेवते. हवा थंड असेल तर लोबेलिया, बारीक फुलांनी कुंडी झाकून टाकतो, कडक ऊन्हाळा लागला की संपतो. प्लंबॅगो या उन्हात जगेल, पण फुलणार नाही.

निळी फुलं लावलीत पण लांबून दिसतच नाहीत. चुकीच्या जागी लावली का?

हिरव्या गर्दीत निळा मागे सरतो, लाल-पिवळ्यासारखा अंगावर येत नाही, त्यामुळे चारपाच रोपं विखरून लावलीत तर ती हरवणारच. एकाच ठिकाणी घोळका करून लावा, सोबत पांढरं किंवा फिकट लिंबोणी पिवळं काहीतरी. गडद पिवळ्या झेंडूशेजारी कॉर्नफ्लॉवर छान उठून दिसतो पण मला तो प्रकार जरा भडक वाटतो, तुमची आवड.

दुसरं म्हणजे तुम्ही बागेत बसता कधी ते बघा. दिवेलागणीला अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला लाल फुलं काळपट वाटायला लागतात आणि निळी उजळ, पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने १८१९ च्या सुमाराला हे टिपलं. म्हणजे संध्याकाळी चहा घेऊन जिथे टेकता तिथेच निळं हवं, फाटकापाशी लाल राहू द्या. मधमाश्यांना तुमच्यासारखी अडचण नाही, त्यांना निळा नीट दिसतो, कार्ल फॉन फ्रिशने १९१४ च्या आसपास निळ्या कार्डावर साखरपाणी ठेवून त्यांना शिकवलं आणि मग त्या राखाडी कार्डांच्या गर्दीतून बरोबर निळंच शोधायच्या. बोरेज लावून बघा, सकाळी नुसती गुणगुण असते.

काकू, मी नववीत आहे. आमच्या मॉर्निंग ग्लोरीची कळी गुलाबी-जांभळी असते, फूल निळं होतं आणि कोमेजताना परत जांभळं. एकाच फुलाचा रंग दोनदा कसा बदलतो?

वा, हे पत्र मी दोनदा वाचलं! ही बहुतेक ‘हेवनली ब्लू’ असणार. कळी उमलताना पाकळीच्या पेशींतला रस आम्ल राहत नाही, जपानी संशोधकांनी पाकळीच्या पेशीत बारीक इलेक्ट्रोड घालून मोजलं तेव्हा पीएच ६.६ वरून ७.७ वर गेलेला सापडला. रंगद्रव्य तेच, फक्त भोवतीचा रस बदलला. कोमेजताना पीएच परत खाली येतो म्हणून परत जांभळं. उद्या उमलायची कळी आज संध्याकाळीच ओळखता येते, गुंडाळलेल्या छत्रीसारखी लांब आणि टोकाला रंग आलेली असते. तिच्या देठाला दोरा बांधून ठेव, पहाटे उजाडायच्या आत उठ आणि दर पंधरा मिनिटांनी फोटो काढ, मोबाईल एकाच जागी टेकवून, नाहीतर उजेड बदलला की रंग बदलला हे कळणार नाही. मग तेच दुपारी. आणि बिया तोंडात घालायच्या नाहीत, विषारी असतात, धाकटं भावंड असेल तर त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेव. फोटो मला पाठव.