वाचकांचे प्रश्न : पाण्यावरची चर्चा नळापासून सुरू कर

प्रश्न : ताई, माझे पप्पा रिक्षा चालवतात. रिक्षात दिवसभर एफएम लागलेला असतो. गाणी, ट्रॅफिक, पाऊस, सिनेमाच्या गप्पा, सगळं असतं. पण निवडणूक, एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन, कुठे जातीवरून मारहाण झाली, यावर कोणी अवाक्षर काढत नाही. असं का? संध्याकाळी टीव्ही लावला तर चार माणसं एकदम ओरडतात आणि पप्पा चिडून बंद करतात. आम्ही सहा मैत्रिणींनी ठरवलंय, आठवड्यातून एकदा वस्तीच्या प्रश्नांवर रेडिओसारखी चर्चा करायची. पहिला विषय पाणी, कारण आमच्या टेकडीवरच्या आळीत त्याचे फार हाल आहेत. एक माजी नगरसेवक, एक प्राध्यापक आणि एक पत्रकार यांना बोलवणार आहोत. आम्हाला हे करता येईल का? कसं करावं?
– एक वाचक (वय २२), पार्कसाइट, विक्रोळी

उत्तर : एफएमवरची मुलं-मुली गप्प बसतात याचं कारण त्यांना काही कळत नाही असं नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची आणि चालू घडामोडींवर चर्चा करण्याची परवानगीच नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र ते लावू शकतात, तेही जसंच्या तसं, काना-मात्रा न बदलता. २०११ च्या धोरणाने वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-विजेच्या सूचना या गोष्टी बातमीत मोडत नाहीत असं ठरवलं. त्यामुळे उद्या पाणी नाही एवढं एफएमवर सांगता येतं. ते का नाही आणि नेमकं कोणाच्या नळाला नाही, यावर बोलणं आलं की ती चालू घडामोड झाली! २०२३ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या आणि चालू घडामोडींसाठी द्यावीत अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे परवानगी नव्हे.

मला ही बंदी कधीच पटलेली नाही. वर्तमानपत्र चालतं, चोवीस तास वृत्तवाहिन्या चालतात, मग ज्याला वाचायला सवड नाही आणि चालवता चालवता फक्त ऐकता येतं, त्या रिक्षावाल्याच्याच कानावर पहारा का? १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उभा राहिलेला, आणि निकाल लिहिणाऱ्यांत न्या. पी. बी. सावंत होते, आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून तिथे गेलेले. लहरी जनतेच्या, हे तीस वर्षांपूर्वी ठरलं. त्या लहरींवर जनतेने स्वतःच्या प्रश्नावर बोलायचं मात्र अजून अडलेलंच आहे.

तुझं वय वाचून स्वातंत्र्यसैनिक उषा मेहता आठवल्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये याच मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ गुपचूप सुरू केला, तेव्हा त्याही बावीसच वर्षांच्या होत्या. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा सारख्या बदलायच्या. विदर्भातल्या चिमूर-आष्टीत इंग्रज सरकारने काय अत्याचार केले, हे वर्तमानपत्रांना छापता येत नव्हतं तेव्हा या रेडिओने सांगितलं. नोव्हेंबरात त्या पकडल्या गेल्या, पुढे तुरुंगवास भोगला.

आता तुझ्या चर्चेकडे येते. तुझी पाहुण्यांची यादी वाचून मला माझीच एक यादी आठवली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी रेडिओवर एकतीस वर्षं चर्चा बसवल्या. १९९१ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या पाण्यावर अर्ध्या तासाची चर्चा केली होती. एक निवृत्त इंजिनिअर, एक प्राध्यापक, एक पत्रकार आणि सूत्रसंचालनाला मी. तानसा, वैतरणा, भातसा, गळती, जुन्या पाइपलाइनी, सगळं आलं. कोणी कोणाला तोडलं नाही. मी खूश होते. आठ-दहा दिवसांनी पंधरा पैशांचं एक पोस्टकार्ड आलं, सांताक्रुझच्या एका वस्तीतून. निळी शाई, शाळकरी अक्षर. लिहिलं होतं, ‘चर्चा ऐकली. चांगली होती. तुम्हा चौघांपैकी कोणाच्या घरी पाणी पहाटे साडेतीनला येतं ते सांगितलं नाही.’ खाली कोपऱ्यात : ‘आई सांगते, मी लिहितो. इयत्ता सहावी.’

पुढच्याच महिन्यात खांद्याला टेपरेकॉर्डर लावून पहाटे त्या मुलाच्या आईच्या नळावर गेले. ती म्हणाली, “बोलते, पण नळ सोडायची नाही.” मग हंडे भरता भरताच बोलली. रिकाम्या हंड्यात धार पडली की आवाज कडक येतो, भरत आला की घुमतो. तो घुमला की ती न बघता हंडा सरकवायची आणि दुसरा लावायची, वाक्य न तोडता. पाणी किती वेळ टिकतं, पोरीची शाळा त्यापायी कशी बुडते, हे सांगता सांगता ती सहज म्हणाली, “आमचे हंडे त्या बाजूला. यांच्या हंड्याला लागलेले चालत नाहीत ना.” रांगेतल्या बाया गप्प झाल्या. टेपवर काही सेकंद नुसती धार ऐकू येते.

माझ्या तीन जाणकारांच्या तोंडून हे येणंच शक्य नव्हतं. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, आणि मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं त्याच वर्षी २३ जुलैला. इतकी वर्षं आपण दोन्हींचा इतिहास वेगवेगळ्या कपाटात ठेवला, असं मला त्या पहाटे वाटलं. ती सात मिनिटं मी न कापता पुढच्या कार्यक्रमात सुरुवातीला लावली आणि मगच पाहुण्यांना बोलतं केलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच की वरच्या आळीतली बाई पहिली बोलवा. अर्ध्या मिनिटाचा बाईट घेऊन मोकळ्या होऊ नका; तिला शेवटपर्यंत खुर्चीवर बसवा. माजी नगरसेवकांना प्रश्न तिने विचारायचा, आणि उत्तर पुरं होईपर्यंत दुसऱ्या कोणी बोलायचं नाही. ते ‘बघतो, करतो’ म्हणाले तर तारीख विचारायची. प्राध्यापकांकडून कायदा समजून घ्या : २०१४ च्या डिसेंबरात पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, कारण ते घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येतं. तुमच्या आळीत किती जणींना हे ठाऊक आहे, ते विचारा.

परवान्याचं म्हणशील तर, कम्युनिटी रेडिओ, म्हणजे एखाद्या वस्तीपुरतं छोटं रेडिओ केंद्र, एखाद्या व्यक्तीला मिळत नाही. ना-नफा नोंदणीकृत संस्था लागते, आणि तिथेही स्वतःच्या बातम्या आणि राजकीय कार्यक्रम चालत नाहीत. मोबाइलवर रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायला असा प्रसारण परवाना लागत नाही. बदनामीचा कायदा मात्र तिथेही आहे. कोणाचं नाव घेऊन आरोप झाला तर त्याची बाजू त्याच भागात घ्या आणि कागद जपून ठेवा. जिला नाव द्यायचं नाही तिचं नाव घेऊ नका, आवाजावरून ओळखू येईल हेही तिला आधीच सांगा. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर आणि तोंडापासून वीतभर लांब.

पहिला भाग झाला की पाठव, मी पूर्ण ऐकेन. आणि वरच्या आळीत पाणी किती वाजता येतं, ते तू पत्रात लिहिलेलं नाहीस. तेवढं कळव.