गाडीत एसीच्या जाळीवर फोनचा होल्डर लावू का?

प्रश्न: काचेवरचा व्हॅक्यूमवाला होल्डर उन्हात सुटतो, परवा कुंभार्ली घाटात मॅप चालू असताना फोन थेट ब्रेकपाशी पडला, घाबरलोच. एसीच्या जाळीवर लावला तर चालेल का?

उत्तर: चालेल की. जीपीएस आणि चार्जिंग एकदम चालू असलं की फोन तापतो, त्याला तिथे गार हवा मिळते, मे महिन्यात हे फार बरं. फक्त नुसत्या चिमट्याचा घेऊ नका हो, खड्ड्यात वजनाने जाळीची पट्टी झुकते, कधी तुटतेही, मागून हूक अडकवून स्क्रूने आवळायचा आणि खाली डॅशबोर्डला टेकणारा पाय असलेलाच घ्या. गोल व्हेंटवर, म्हणजे गोल जाळीवर, पकड नीट बसत नाही. हीटर लावलात तर तेवढा व्हेंट बंद ठेवा. आणि पत्ता गाडी सुरू करायच्या आधीच टाका, प्लीज.