सरदारांची युद्धे आणि राजाचा न्याय: मध्ययुगीन फ्रान्सविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न: अकराव्या-बाराव्या शतकातले फ्रेंच सरदार आपसांत सतत लढत, ते केवळ लुटीसाठी का?

उत्तर: लूट होतीच, आणि तिची झळ सरदारांपेक्षा त्यांच्या रयतेला अधिक बसे, कारण शत्रूचा किल्ला घेण्यापेक्षा त्याच्या गावांतली उभी पिके जाळणे सोपे होते. परंतु वारसा, पथकर किंवा मठाच्या जमिनीवरचा हक्क यांचे तंटे मिटवणारे सर्वमान्य न्यायपीठ नसल्यामुळे युद्ध हीच दावा मांडण्याची प्रतिष्ठित रीत ठरली होती आणि पुष्कळ लढाया मध्यस्थांमार्फत तहावर थांबत. शेतकऱ्यांची गुरे पळवणाऱ्यांना आणि निःशस्त्र धर्मगुरूंवर हात टाकणाऱ्यांना शारू येथील धर्मसभेने ९८९ मध्ये धर्मबहिष्काराची, म्हणजे चर्चमधून बाहेर काढण्याची, ताकीद दिली; मात्र ती अमलात आणायला चर्चजवळ स्वतःची फौज नव्हती.

प्रश्न: मग राजाने त्यांना वठणीवर कसे आणले?

उत्तर: सहावा लुई (कारकीर्द ११०८ ते ११३७) गादीवर आला तेव्हा पॅरिसहून ऑर्लेआंला जाणाऱ्या वाटेवरही राजसत्ता निर्वेध नव्हती. त्याच मुलखातल्या ल प्विझे किल्ल्याचा धनी ह्यूग आसपासच्या चर्चच्या जमिनी नागवत असे. ११११ मध्ये बिशपांनी आणि ब्लवाचा काउंट थिबो याने राजाकडे फिर्याद नेली, ह्यूगला बोलावणे गेले, तो आला नाही आणि लुईने किल्ला पाडला. माझ्या मते खरे महत्त्व या क्रमाला आहे: आधी फिर्याद, मग बोलावणे आणि शेवटी शस्त्र. लुईचे सैनिकही जाळपोळच करत होते, पण आता त्या जाळपोळीला निवाड्याच्या अंमलबजावणीचे रूप आले. हे यश मात्र फार ठिसूळ होते. पुढच्याच वर्षी तोच थिबो ह्यूगच्या बाजूने उभा राहिला, किल्ल्यासाठी पुन्हा लढावे लागले आणि १११८ मध्ये तिसऱ्यांदा लढून तो कायमचा मोडला.

हा वृत्तांत मुख्यतः सँ-दनीचा मठाधिपती स्यूझे याच्या लेखणीतून आला आहे. ल प्विझेजवळच्या तुरी गावी तो स्वतः मठाचा कारभारी होता, तेव्हा ह्यूगचे किंवा कुसीचा सरदार तोमा द मार्ल याचे त्याने रंगवलेले राक्षसी चित्र फिर्यादी पक्षाचे आहे, हे सतत ध्यानात ठेवावे.

प्रश्न: सरदारांचा लढण्याचा हक्क कायद्याने कधी संपला?

उत्तर: एका फटक्यात कधीच नाही. नवव्या लुईने १२५८ मध्ये खासगी युद्धांना मनाई केली. पुढच्याच वर्षी कुसीचा सरदार आँगराँ द कुसी याने आपल्या रानात शिकार करणाऱ्या तीन तरुणांना चौकशीविना फाशी दिल्याबद्दल राजाने त्याला अटक केली आणि द्वंद्वाने निकाल लावण्याची त्याची मागणीही फेटाळली. तरी इतर सरदारांच्या आग्रहामुळे देहदंडाऐवजी जबर दंडावर त्याला सोडावे लागले. चौदाव्या शतकातल्या राजांनाही तीच मनाई पुनःपुन्हा जाहीर करावी लागत होती.