जुन्या २८ इंची रोडस्टरसारखी (दांड्यांच्या ब्रेकची, साधी दणकट) सायकल हाताने घडवलेले भाग लावून बनवायची आहे. सुरुवात कुठून करू?

फ्रेम नवी करू नका. भंगारात जुनी, लग-जोडाची फ्रेम शोधा. तिच्या नळ्या लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या धातूच्या खोबणीत, पितळ वितळवून जोडलेल्या असतात. वाकली आहे का ते दोऱ्याने कळतं: हँडलखालच्या नळीवरून मागचं चाक बसतं त्या दोन्ही टोकांना दोरा ताणा, सीटच्या नळीपासूनचं अंतर दोन्हीकडे सारखं हवं.

मग रिम. इथेच बरेचजण फसतात. दांड्यांचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला लागतात, म्हणून वेस्टवुड घडणीचीच, म्हणजे आतून ब्रेकसाठी सपाट पट्टे असलेली, रिम लागते. हल्लीच्या रिमवर ते धरत नाहीत. टायर २८ × १½ इंची.

हातकामाचा खरा आनंद सीटमध्ये आहे. कोल्हापुरी चपलेसाठी हिरड्याच्या फळांत आणि बाभळीच्या सालीत कमावतात तसलं जाड कातडं घ्या, भिजवून जुन्या सांगाड्यावर ताणा, पूर्ण वाळू द्या आणि मगच तांब्याचे रिव्हेट ठोका. घाई केलीत तर सीट लवकर झोळते. दिव्याचं कवच पुण्याच्या तांबट आळीत, तांब्याचं काम करणाऱ्या कारागिरांकडे, विचारून पाहा. मठारलेलं (हातोडीने ठोकून घडवलेलं) तांबं मला क्रोमपेक्षा कितीतरी देखणं वाटतं.

फोर्क (पुढच्या चाकाचा चिमटा), ब्रेक आणि कॉटर पिन (पेडलचा दांडा आसाला धरून ठेवणारी खीळ) मात्र तयारच घ्या. नवी पिन थोडं चालवल्यावर बसते, तेव्हा तिचा नट पुन्हा आवळा.